घर विकायचंय? आधी कागद, मग किंमत, मग जाहिरात: खान्देशातल्या घरमालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, कुठेही बघा. घर विकायचं ठरलं की पहिलं काम होतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकण्याचं. दोन दिवसांत फोन सुरू होतात, एखादं चांगलं गिऱ्हाईक येतं, भावही जुळतो. मग वकील कागद मागतो आणि कळतं की उताऱ्यावर अजून वारलेल्या वडिलांचंच नाव आहे. वारस नोंद होईपर्यंत गिऱ्हाईक दुसरं घर घेऊन मोकळं झालेलं असतं. पुढचा माणूस येतो तेव्हा 'हे घर कधीचं पडून आहे, काहीतरी भानगड असेल' अशी कुजबुज गल्लीत सुरू झालेली असते आणि भाव खाली येतो.

मी घरांचे व्यवहार जुळवते. घरात दोष असल्यामुळे सौदा मोडतो असं क्वचितच होतं; बहुतेक सौदे क्रम चुकल्यामुळे मोडतात. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. एखादा टप्पा तुमच्याकडे आधीच झालेला असेल तर तो तपासा आणि पुढे जा.

## टप्पा १: कागद (जाहिरातीच्या किमान महिनाभर आधी)

एक फाइल करा. तिच्यात पुढचे कागद हवेत:

1. तुमच्या नावाचं मूळ खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू.
2. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, अलीकडे काढलेली. बिनशेती प्लॉट असेल तर एनए आदेश आणि मंजूर ले-आउटची प्रत.
3. बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला. फ्लॅट असेल तर सोसायटीचं किंवा अपार्टमेंटचं ना-हरकत पत्र.
4. चालू वर्षाची घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल, भरल्याच्या पावत्यांसह.
5. सगळ्या मालकांचं आधार आणि पॅन, एकमेकांना जोडलेलं.

घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हातात धरून 'हे बघा, घर माझ्या नावावर आहे' असं म्हणणारे खूप भेटतात. हे दोन्ही कागद कर आकारणीचे आहेत, मालकी त्यांनी सिद्ध होत नाही. गावठाणातलं जुनं धाब्याचं घर असेल तर वकिलाला आधीच विचारा की मालकी कोणत्या कागदावर दाखवायची.

आता बहिणींचं. वडिलोपार्जित घर असेल तर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो हिंदू वारसा कायद्यात आला, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. 'बहिणी काही मागणार नाहीत' हे घरात बोलायला ठीक आहे, पण खरेदीदाराच्या वकिलाला सही लागते: एकतर खरेदीखतावर किंवा आधी नोंदवलेल्या हक्कसोडपत्रावर. साध्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेलं हक्कसोडपत्र चालत नाही. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतात. सगळे एकत्र असतील तेव्हाच हा विषय शांतपणे काढा, कोणाला काय द्यायचं ते ठरवा आणि त्याच आठवड्यात सह्या करून घ्या. बहीण सुरतला आणि भाऊ पुण्याला असला की पुन्हा एक तारीख जुळवायला महिने जातात.

घरावर कर्ज असेल तर बँकेकडून दोन कागद मागा: बाकी रकमेचं पत्र आणि बँकेत जमा असलेल्या मूळ कागदांची यादी. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. तुमच्या वेळापत्रकात हे ३० दिवस धरा.

सावधान: नंदुरबार जिल्ह्यात, तसंच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात जमीन आदिवासी खातेदाराची आहे का ते आधी बघा. तशी जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं असेल तरी परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. शेतीच्या तुकड्यावरचा गुंठेवारीचा प्लॉट असेल तर तो नियमित झाल्याचा कागद लागेल. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट नियमित करण्याची सोय कायद्यात आहे, पण ते काम विक्रीआधी करायचं असतं.

तपासा: फाइल वकिलाला दाखवून सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, तुम्ही स्वतः काढून घ्या. ३० वर्षांचा काढण्याची पद्धत आहे. खरेदीदाराच्या वकिलाला दोष सापडण्याआधी तो तुम्हाला माहीत असावा.

## टप्पा २: किंमत

'शेजारचं घर ५० लाखांना गेलं' ही आपल्याकडची किंमत ठरवण्याची नेहमीची पद्धत. पण ते ५० लाख कोणी मोजले? कट्ट्यावर सांगितलेला आकडा आणि खरेदीखतात लिहिलेला आकडा सारखे नसतात. आपल्याच भागातली अलीकडची तीन-चार खरेदीखतं बघा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये ती सापडतात. त्याच संकेतस्थळावर वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर आहे. त्यात तुमच्या भागाचा दर पाहून घ्या.

रेडी रेकनर बाजारभाव सांगत नाही, तरी तो विक्रेत्यालाही बघावा लागतो. विक्रीची किंमत सरकारी मूल्यापेक्षा बरीच कमी लिहिली आणि दोन्हींतला फरक १० टक्क्यांच्या पुढे गेला, तर आयकर खातं सरकारी मूल्यच तुमची विक्री किंमत धरतं. जे पैसे हातात आलेच नाहीत, त्यांच्यावरही कर लागतो.

मग खरेदीदाराच्या बाजूने हिशेब करा. हा हिशेब कोणी करत नाही, आणि पुढच्या वाटाघाटीत नेमका हाच कामी येतो. महापालिका हद्दीत घराची किंमत ४५ लाख धरू. मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांनी २ लाख ७० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल तर निवासी घराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ४५ हजार वाचतात. ३० लाखांच्या वरच्या गृहकर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. इथे ते ३६ लाख झाले, आणि मुद्रांक शुल्काला कर्ज मिळत नाही. म्हणजे खरेदीदाराच्या खिशात ९ लाख अधिक ३ लाख, असे १२ लाख स्वतःचे तयार हवेत. तुमच्या घराचं गिऱ्हाईक कोण, याचं उत्तर या १२ लाखांत आहे. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याच्याशी महिनाभर गोड बोलून उपयोग नाही.

मागणीची किंमत अपेक्षेपेक्षा तीन ते पाच टक्के जास्त ठेवा, तेवढी घासाघीस होतेच. वीस टक्के जास्त ठेवली तर ज्यांना घर खरंच परवडतं ते फोनही करत नाहीत.

## टप्पा ३: घर तयार करणं

यावर मोठा खर्च करू नका. नवीन फरशी, नवीन किचन यांचे पैसे विक्रीत वसूल होत नाहीत. पुढची कामं मात्र कराच:

1. गळणारे नळ, अडकणारी दारं, बंद पडलेले दिवे दुरुस्त करा.
2. टाकी धुवा, मोटर चालू आहे का बघा.
3. गच्ची झाडून तिथलं भंगार उतरवा. गच्चीवर जाणारं गिऱ्हाईक खरं गिऱ्हाईक असतं. त्याला तिथे मोडका कूलर आणि फुटक्या कुंड्या दिसू नयेत.
4. अर्धं सामान हलवा. खोली मोकळी दिसली पाहिजे.

सावधान: भिंतीला ओल असेल तर तिच्यावर रंग मारून झाकू नका. पहिल्या पावसात ती वर येते, आणि सौदा इसारापर्यंत आलेला असेल तर तिथेच तुटतो. ओल दुरुस्त करा, नाहीतर दाखवताना सांगा आणि किमतीत धरा.

## टप्पा ४: जाहिरात

आधी एक प्रश्न सोडवा: हे घर कोणासाठी आहे? 'सगळ्यांसाठी' म्हणून दिलेली जाहिरात कोणापर्यंतच नीट पोहोचत नाही.

खान्देशात खरेदीदारांचे काही ठरलेले गट आहेत. रावेर-यावलचा केळी उत्पादक मुलांच्या शिक्षणासाठी जळगावात घर बघतो. त्याचं कुटुंब मार्च ते मे या दिवसांत येतं, कारण जूनमध्ये शाळा सुरू होतात. त्याला शाळा आणि क्लासचं अंतर सांगा. कापसाचा शेतकरी दिवाळीनंतर, माल विकला की हलतो. भुसावळला रेल्वेतले आणि आयुध निर्माणीतले कर्मचारी निवृत्तीच्या आधी घर शोधतात. त्यांना खालच्या मजल्यावर बेडरूम आणि जवळ दवाखाना हवा असतो. सुरत-पुण्यात स्थायिक झालेल्यांना गावाकडे आई-वडिलांसाठी घर हवं असतं, आणि ते पहिली पाहणी मोबाइलवरच करतात. तुमचं घर यांतल्या कोणाला बसतं ते ठरवा आणि त्या एका कुटुंबाशी बोलल्यासारखी जाहिरात लिहा.

रोज दिसणारी जाहिरात अशी असते:

> विकणे आहे! प्राइम लोकेशन, प्रशस्त टू बीएचके, वास्तुशास्त्राप्रमाणे. किंमत फोनवर. दलालांनी संपर्क करू नये. त्वरा करा!

वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. तीच जाहिरात अशी लिहा:

> जळगाव, महाबळ भाग. पूर्वमुखी रो हाऊस, प्लॉट ९०० चौरस फूट, बांधकाम १,०५० चौरस फूट. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक बेडरूम. वर एक बेडरूम आणि गच्ची. नळ आणि बोअर दोन्ही. जमिनीखाली ५,००० लिटरची टाकी. दारात चारचाकी उभी राहते. परवानगी व पूर्णत्वाचा दाखला आहे, कर्ज नाही, मालक एकच. अपेक्षा ४६ लाख ५० हजार. पाहण्याची वेळ: शनिवार-रविवार सकाळी ८ ते ११.

टाकीची लिटरं लिहिलेली पाहिलीत? आपल्याकडे पहिला प्रश्न पाण्याचाच येतो. ग्रामीण भागातून आलेले आप्पा दारातच विचारतात, 'ताई, पानी कितला दिनमा येस?' त्याचं उत्तर जाहिरातीतच असलं की पुढचं बोलणं घरावर होतं.

कल्पक जाहिरात म्हणून ड्रोन उडवायची गरज नाही. मला उपयोगी वाटणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत:

1. दोन मिनिटांचा सलग व्हिडिओ. मुख्य रस्त्यापासून चालत सुरुवात करा, गल्ली दिसू द्या, मग दार, मग प्रत्येक खोली, शेवटी गच्चीवरून चारही दिशा. मध्ये तोडू नका, गाणं लावू नका. चालता चालता बोला: 'ही पश्चिमेची भिंत, दुपारी तापते, म्हणून इथे कपाटं केली आहेत.' सुरतेत बसलेला माणूस अशा बोलण्यावर विश्वास ठेवतो.
2. एका पानाचा तक्ता. एका बाजूला हाताने काढलेला खोल्यांचा नकाशा मापांसह, दुसऱ्या बाजूला कागदांची यादी आणि महिन्याचा खर्च: वीजबिल, घरपट्टी, पाणीपट्टी. पाहून जाणाऱ्या प्रत्येकाला तो द्या. रात्री घरी चर्चा होते तेव्हा तुमचा कागद समोर असतो.
3. शेजाऱ्यांना आधी सांगणं. बाहेर जाहिरात करण्याच्या आठवडाभर आधी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगा. आपला भाऊ, जावई किंवा साडू शेजारी राहायला यावा असं त्यांच्यातल्या कोणाला तरी वाटत असतं. असा खरेदीदार भाग ओळखून असतो आणि फार घासाघीस करत नाही.
4. फोटो सकाळी आठच्या सुमारास. पडदे उघडे, दिवे लावलेले, मोबाइल आडवा. स्वयंपाकघर आणि बाथरूमचा फोटो टाळू नका. तो नसला की लोकांना शंका येते.

सावधान: मूळ कागद, आधार, पॅन यांचे फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. कागद फक्त प्रत्यक्ष घर पाहून गेलेल्या माणसाला दाखवा, आणि प्रतीवर 'फक्त पाहणीसाठी' असं आडवं लिहून द्या.

पाच दलालांना पाच वेगवेगळे भाव सांगण्याची सवयही मोडा. जळगावसारख्या शहरात आकडे तासाभरात फिरतात. खरेदीदार सर्वांत कमी भाव ऐकतो आणि बोलणी तिथूनच सुरू करतो. दलाल एक ठेवा किंवा तीन, आकडा एकच द्या. दलाली किती, कोणत्या बाजूने, आणि कधी द्यायची ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

## टप्पा ५: घर दाखवणं

उन्हाळ्यात सकाळीच दाखवा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो. तेव्हा दुपारी तीनला वरच्या खोलीत कोणतंच घर आवडत नाही. पण कोणी 'दुपारी एकदा बघतो' म्हणाला तर नाही म्हणू नका. तो घर घेण्याच्या जवळ आला आहे.

घरातल्या एकानेच बोलायचं. किंमत विचारली तर आकडा एकच सांगायचा. 'आम्हाला घाई आहे, मुलाची फी भरायचीय' हे पाहुण्यांसमोर कोणीही बोलायचं नाही, आजीनेसुद्धा.

## टप्पा ६: ऑफर घेणं आणि तोलणं

बहुतेक घरमालक ऑफर म्हणजे एक आकडा समजतात. आकडा मोठा ऐकला की मनाने घर देऊन टाकतात. ऑफर तोंडी ऐकून हो म्हणू नका. वहीत प्रत्येकासाठी एक पान करा आणि सहा गोष्टी विचारून लिहा:

1. किती देणार?
2. पैसा कुठून येणार: कर्ज, बचत, की दुसरी मालमत्ता विकून?
3. कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र आहे का, की नुसतं 'होऊन जाईल'?
4. इसार किती आणि कधी?
5. खरेदीखत कोणत्या तारखेपर्यंत?
6. अटी काय: ताबा कधी, पंखे, इन्व्हर्टर, कूलर, मोटर यांतलं काय राहणार?

वरच्याच घराला तीन ऑफर आल्या असं धरू. पहिला म्हणतो ४६ लाख, पण आधी त्याचा पारोळ्याकडचा शेताचा तुकडा विकला जायचा आहे. दुसरा म्हणतो ४५, पण खरेदीखतात ३० लाखच लिहायचे, उरलेले रोख. तिसरा ४३ लाख ५० हजार म्हणतो, बँकेचं मंजुरीपत्र हातात आहे, इसार अडीच लाख आणि दोन महिन्यांत खरेदीखत.

मी तिसऱ्याशी बोलणी पुढे नेईन. पहिल्याचा आकडा त्याच्या शेताच्या गिऱ्हाइकावर अवलंबून आहे आणि ते गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. त्याला सांगा, 'दादा, तुमचा तुकडा विकला की या. तोवर घर राहिलं तर तुमचंच.' दुसऱ्याला मात्र सरळ नकार द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि घेणारे तुम्ही असता. शिवाय कमी लिहिलेली किंमत सरकारी मूल्याच्या खाली गेली तर टप्पा २ मधली कराची अडचण येतेच.

तिसऱ्याला उत्तर देताना नुसता आकडा वाढवून मागू नका. त्याला काय हवं आहे ते विचारा. शाळा सुरू होण्याआधी ताबा हवा असेल तर म्हणा, 'भाऊ, १ जूनला चावी देते, इन्व्हर्टर आणि मोटर घरातच ठेवते, ४४ लाख ५० हजार करा.' तुम्हाला स्वस्त पडणारी गोष्ट त्याच्यासाठी मोलाची असू शकते. अर्धा-पाऊण लाख सोडावे लागले तरी एकदम सोडू नका. प्रत्येक वेळी बदल्यात काहीतरी मागा: जास्त इसार, लवकरची तारीख.

खोटं गिऱ्हाईक उभं करून 'दुसरा ४७ देतोय' म्हणणं टाळा. आपल्या भागात चार ओळखींपलीकडे सगळे नातलग निघतात, खोटं उघडं पडतं आणि माणूस उठून जातो. खरंच दोन ऑफर असतील तर दोघांनाही एकच निरोप द्या: 'रविवारी संध्याकाळी सहापर्यंत तुमचा शेवटचा आकडा आणि अटी लिहून पाठवा.' मग रविवारी निर्णय घ्या, पुन्हा फेऱ्या नकोत.

तपासा: कर्ज घेणाऱ्याच्या बँकेचा मूल्यांकक घर बघायला येईल. त्याने किंमत कमी काढली तर कर्ज कमी होतं. ती तूट भरायला खरेदीदाराकडे पैसे आहेत का, हे इसाराआधीच विचारा.

## टप्पा ७: इसार

पितृपक्षात कोणी इसार देत नाही, आणि अक्षय्य तृतीया, दसरा, पाडव्याला देण्यासाठी लोक थांबतात. मुहूर्त पाळा, पण तो महिनाभर लांब असेल तर तोवर जाहिरात बंद करू नका.

इसार चेकने किंवा बँकेतून घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो, शंभराच्या स्टॅम्पवर इसार पावती करू नका. पावतीत एवढं हवंच:

1. घराचं पूर्ण वर्णन आणि चतुःसीमा.
2. एकूण किंमत, इसाराची रक्कम, बाकी कधी आणि कशी.
3. खरेदीखताची शेवटची तारीख.
4. खरेदीदार मागे फिरला तर इसाराचं काय, तुम्ही फिरलात तर काय, आणि कर्ज नामंजूर झालं तर काय. तिसरी ओळ बहुतेक पावत्यांत नसते आणि भांडण तिथेच होतं.
5. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कोण भरणार. पद्धत खरेदीदाराने भरण्याची आहे, तरी लिहा.

इसार किमतीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असावा असं माझं मत आहे. अकरा हजारांवर घर अडकवून ठेवू नका, तेवढे सोडून जाणं कोणालाही परवडतं.

सावधान: इसारावर ताबा देऊ नका, 'फक्त सामान ठेवतो' म्हटलं तरी नाही. ताबा दिलेल्या करारावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं, आणि सौदा मोडला तर घर रिकामं करून घ्यायला कोर्टात जावं लागतं. वेळ जास्त लागणार असेल तर साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करून ते नोंदवून घ्या. नोटरी आणि नोंदणी या वेगळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा ८: खरेदीखत आणि ताबा

मसुदा दोन दिवस आधी मागवून घरी बसून वाचा. नावं आधारप्रमाणे, क्षेत्रफळ उताऱ्याप्रमाणे, आणि प्रत्येक चेकचा किंवा ट्रान्सफरचा क्रमांक बरोबर आहे का ते बघा. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापेल. तुमचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर कपात २० टक्क्यांपर्यंत जाते.

भांडवली नफ्यावरच्या करासाठी सीएला खरेदीखताच्या आधी भेटा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न धरता १२.५ टक्के, किंवा निर्देशांक धरून २० टक्के. जुन्या घराला कोणता फायद्याचा ते हिशेब केल्याशिवाय कळत नाही.

सहीच्या दिवशी सगळे मालक, दोन साक्षीदार आणि मूळ ओळखपत्रं बरोबर हवीत. बाकी रक्कम खात्यात जमा झाल्याचं बँकेच्या अ‍ॅपवर स्वतः बघा, नुसत्या स्क्रीनशॉटवर सही करू नका. कर्जाचा चेक बँक थेट देणार असेल तर तो सहीच्या वेळी हजर असलेल्या बँकेच्या माणसाकडून घ्या आणि त्याचा क्रमांक खरेदीखतात आहे ना ते बघा.

चावी देताना ताबा पावती करा. तिच्यावर वीज मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग, राहिलेल्या वस्तूंची यादी आणि दोघांच्या सह्या हव्यात. महावितरण, घरपट्टी आणि नळ कनेक्शन नव्या मालकाच्या नावावर करण्याच्या अर्जांवर त्याच बैठकीत सह्या करून द्या, आणि खरेदीखताची एक प्रत स्वतःच्या फाइलला लावा. आयकराच्या विवरणपत्राला ती लागते.